परक्याच्या मयताला गेले, त्याची गोष्ट

त्या शनिवारी जॉर्जियातल्या मेकन गावात सगळ्या गाड्या माझ्यासाठीच थांबताहेत, असा माझा समज झाला होता.

हसू नका. मी भाड्याची पांढरी गाडी घेऊन एक घर बघायला निघाले होते. आभाळ भरून आलं होतं, त्यामुळे गाडीचे दिवे आपोआप लागले होते. एका चौकात पोलीस उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, दिव्यांकडे पाहिलं आणि मोठ्या अदबीने हात करून मला एका निळ्या गाडीच्या मागे सोडलं. पुढे सिग्नल लाल होता, तरी आम्हाला कुणी अडवलं नाही. समोरून येणाऱ्या गाड्या एकेक करून कडेला उभ्या राहत होत्या. एका ट्रकवाल्याने तर टोपी काढून छातीशी धरली. मी त्याला काचेतून हात हलवला. आमच्या ओहायोतल्या क्लीव्हलंडमध्ये माझ्यासाठी कुणी ब्रेकवर पायसुद्धा ठेवत नाही, आणि इथे माणसं टोप्या काढताहेत... मनात आलं, इथे देऊ केलेली नोकरी घ्यावी बहुतेक.

मग निळी गाडी एका कमानीतून आत वळली. मीही वळले. दोन्ही बाजूंना थडगी दिसायला लागली, आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. मी कुणाच्या तरी अंत्ययात्रेच्या मधोमध होते. पुढे काळी लांबलचक शववाहिका, मागे गाड्यांची रांग, आणि वळायला हातभर जागा नाही. माझ्या पाचावर धारण बसली.

गाड्या थांबल्या. पाऊस सुरू झाला होता, ऑगस्टमधला, कोमट आणि टपोऱ्या थेंबांचा. निळ्या गाडीतून एकजण उतरला, सरळ माझ्याकडे आला आणि त्याने माझं दार उघडलं. काळी छत्री, काळा सूट, आणि छत्रीखाली एक चेहरा — रडून दमलेला, तरी ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी दडवून ठेवलेला.

"या, मॅडम. चिखल आहे, पाय जपून टाका."

"मी... मी यांच्यातली नाही," मी कुजबुजले. "मी चुकून आलेय. मला एक घर बघायला जायचं होतं."

"दिवे लागले होते तुमचे. इथे अंत्ययात्रेतल्या गाड्या दिवे लावून चालतात, आणि बाकीच्या थांबून वाट देतात."

"ते आपोआप लागतात."

"आणि हात? तोही आपोआप हलतो?" त्याने ओठ घट्ट मिटून घेतले. "मला आरशात दिसत होतं. आमच्या आंट युलालीची अंत्ययात्रा चाललीय, आणि मागे कुणीतरी राणीसारखं प्रजेला हात करतंय."

धरणीने पोटात घ्यावं असं झालं मला, आणि जागाही नेमकी त्याचीच होती. मी गाडी मागे घेते म्हटलं, तर त्याने नुसती मान वळवून मागची रांग दाखवली.

"आता दोनच उपाय," तो म्हणाला. "गाडीत बसून राहायचं... म्हणजे सगळे विचारणार, ती कोण फुगून बसलीय, तिचं काय बिनसलं? नाहीतर माझ्या छत्रीत यायचं. आणि खरं सांगू का? चार दिवसांत मला पहिल्यांदा हसू आलंय. आंट युलालीची हरकत नसेल."

मी छत्रीत गेले.

त्याचं नाव वेंडेल हेगूड. आंट युलाली म्हणजे त्याच्या आजीची बहीण. तिनेच त्याला लहानाचं मोठं केलं होतं. हे मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच कळत होतं, की छत्री माझ्या बाजूला कलली आहे आणि त्याचा डावा खांदा भिजतोय. बायका गायला लागल्या. तो आवाज ऐकून मी ढसाढसा रडले... जिला मी कधी पाहिलंही नाही, तिच्यासाठी. वेंडेलने न बघताच रुमाल पुढे केला.

तेवढ्यात कुणीतरी माझं मनगट धरलं. जांभळी टोपी, हातात काठी, ऐंशीच्या पुढची बाई. या मिस वर्नेल, गेलेल्या बाईंच्या धाकट्या बहीण.

"तू कुणाची गं?"

आमच्याकडे आधी नाव विचारतात. "मी कोरिन, क्लीव्हलंडहून —"

"ओहायो!" काठी चिखलात रुतली. "रोलंडची नात. कपाळ बघा हिचं, रोलंडचंच. एवढ्या लांबून आली बिचारी."

रोलंड म्हणजे या बहिणींचा भाऊ. तरुणपणी ओहायोला गेला, तो तिकडचाच झाला. मी खुलासा करायला तोंड उघडलं आणि ते कुणाच्या तरी छातीशी दाबलं गेलं. मग दुसरी बाई, मग तिसरी. पावडर, अत्तर, ओलं कापड. प्रत्येकीने माझं कपाळ पाहिलं आणि प्रत्येकीला त्यात रोलंड सापडला. मी वेंडेलकडे मदतीच्या आशेने पाहिलं, तर तो छत्री मिटण्यात गढून गेला होता.

आता मी मेकनमध्ये काय करत होते, ते सांगते. मी फिजिओथेरपिस्ट आहे. पडलेल्या, शस्त्रक्रिया झालेल्या माणसांना पुन्हा चालायला शिकवते. नदीजवळच्या एका रुग्णालयाने मला नोकरी देऊ केली होती — मोठा हुद्दा, माझ्या हाताखाली माणसं, आणि घरभाडं क्लीव्हलंडच्या निम्मं. मंगळवारी दुपारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. कुणीही डोळे मिटून हो म्हणावं असं होतं सगळं. घोडं अडलं होतं ते आईपाशी. माझी आजी याच जॉर्जियातली. काळी म्हणून दुकानात मागच्या दाराने जाऊन जाऊन कंटाळली, आणि एकोणिसाव्या वर्षी आगगाडीत बसून उत्तरेला गेली. पुन्हा कधी आली नाही. मी निघाले तेव्हा आई दारात उभी राहून म्हणाली होती, "माझ्या आईने ज्या गावांना पाठ दाखवली, तिथे तू तोंड घेऊन चाललीस?"

आणि मलाही इथल्या गोडव्याची भीतीच वाटत होती. एवढं गोड बोलणारी माणसं मनात काय ठेवून असतात, कुणास ठाऊक.

मयताचं जेवण चर्चच्या मागच्या सभागृहात होतं. माझ्या ताटात कुणी तळलेलं चिकन वाढलं, कुणी मॅकरोनी-चीज, कुणी लिमा बीन्स. वेंडेल समोर येऊन बसला. कोट काढलेला, बाह्या दुमडलेल्या.

"मग, चुलतबहीण, अजून थोडं चिकन?"

"मला चुलतबहीण म्हणू नका."

"का? आवडलं नाही?"

"नाही आवडलं." मी जरा जास्तच पटकन म्हणून गेले.

तो काट्याने बीन्स इकडून तिकडे ढकलत राहिला. "मलाही नाही आवडलं," तो ताटाकडे बघत म्हणाला.

मी पाणी प्यायले. पाणी नव्हतंच ते, साखर घातलेला गार चहा होता, आणि इतका गोड की माझे दात शिवशिवले. तो हसला. मग आम्ही बोलत राहिलो. तो इथल्या शाळेत बँड शिकवत होता. आधी अटलांटाला मोठ्या शाळेत होता, आंट युलालीने अंथरूण धरलं तेव्हा सगळं सोडून आला. मी नोकरीचं सांगितलं, आजीचं सांगितलं, आईचंही सांगितलं. अनोळखी माणसाला मी एवढं कधी सांगत नाही. पण ज्याच्या रुमालाला आपण नाक पुसलंय, तो अनोळखी कसा?

निघताना मिस वर्नेलनी माझ्या हातात एक काचेचं जड भांडं ठेवलं. आत मॅकरोनी, वर चांदीचा कागद, आणि तळाला त्यांच्या नावाची चिकटपट्टी. "उद्या-परवा आणून दे गं, बाळ."

गाडीपाशी वेंडेल म्हणाला, "भांडं रिकामं परत करायचं नसतं. माहीत आहे ना?"

"मी हॉटेलात उतरलेय. त्यात काय घालू, साबणाच्या वड्या?"

"दुकानातला केक घातलात, तर ती घेईल, तोंडभर आभार मानेल, आणि मरेपर्यंत गावाला सांगत राहील."

"मग मी काय करू?"

"उद्या चर्च झाल्यावर आंट युलालीच्या घरी या. स्वयंपाकघर आहे, केळी आहेत. पुडिंग येतं करायला?"

"नाही."

"मलाही नाही येत," तो म्हणाला. "बरं जमेल आपलं."

रविवारी सकाळी मी दूध आणि बिस्किटं घ्यायला दुकानात गेले. बिस्किटांपाशी एका बाईने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आई नाही आली गं तुझी? सुट्टी नसेल मिळाली." पैसे देताना गल्ल्यावरचा माणूस म्हणाला, "युलालीसारखी बाई होणे नाही. काळजी घे हं." मला कसंतरीच झालं. एकीकडे वाटलं, पळावं इथून... शिंकले तरी गावाला कळेल. दुसरीकडे आठवलं, गेल्या हिवाळ्यात मला सणकून ताप होता, तेव्हा माझ्या दाराशी सूप घेऊन आलेला एकमेव माणूस पैसे घेऊन गेला होता. शेजारणीचं नाव मला अजून माहीत नाही. गाडीत बसून मी बराच वेळ चावी फिरवलीच नाही.

आंट युलालीचं स्वयंपाकघर पिवळं होतं. खिडकीबाहेर पावसाने धुतलेलं झाड, गुलाबी फुलांनी वाकलेलं. वेंडेलने मला एप्रन दिला आणि स्वतः दुसरा, झालरीचा, घातला.

"शोभतोय," मी म्हटलं.

"सगळी मुलं हेच म्हणतात. हात हलव, खाली लागेल."

"मला शिकवू नकोस. काल तूच म्हणालास, येत नाही."

"येत नाही, पण ओरडता येतं. बँडमास्तर आहे मी."

दूध, अंडी, साखर... मी ढवळत होते, तो केळी कापत होता आणि दर चौथी चकती तोंडात टाकत होता. मी त्याच्या हातावर चमचा मारला. त्याने चमचा धरला आणि सोडला नाही. क्षणभर दोघंही त्या चमच्याला धरून उभे. पाऊस पत्र्यावर वाजत होता, आणि माझ्या छातीत त्याहून जोरात काहीतरी.

"कोरिन..."

"काय?"

"करपतंय."

करपलंच होतं. आम्ही वरचं वरचं काढून घेतलं, खालचं काळं तसंच ठेवलं आणि बिस्किटांनी सगळी पापं झाकून टाकली.

भांडं घेऊन आम्ही गेलो, तेव्हा मिस वर्नेल आपल्या घराच्या ओट्यावर झुल्यावर बसल्या होत्या. त्यांनी चमचाभर खाल्लं, डोळे मिटले. "जरा करपलंय. म्हणजे घरी केलंय." मग माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाल्या, "तू रोलंडची नात नाहीस."

मला ठसका लागला.

"रोलंडला मूलच झालं नाही."

"मग काल तुम्हीच तर..."

"काल तू रडत होतीस माझ्या बहिणीसाठी. 'ही कोण, ही कोण' म्हणून कुजबुज सुरू होणार होती. म्हटलं, त्याआधी हिला कुणाची तरी करून टाकू. नाहीतर उपाशी गेली असतीस." त्यांनी आणखी एक चमचा घेतला. "आता सांगते सगळ्यांना, नात्याची नाही म्हणून. नाहीतर तुम्ही दोघं एकमेकांकडे जसं बघताय, तसं बघितलेलं गावाला चालायचं नाही."

वेंडेल खोकला. माझा जीव भांड्यात पडला, आणि लाजेने मान वर होईना.

मग मी त्यांना आजीचं सांगितलं. त्या झुला थांबवून ऐकत होत्या.

"गेली ते बरं केलं तिने," त्या म्हणाल्या. "मीही तिकीट काढलं होतं. युलाली म्हणाली, दोघी गेलो तर आईकडे कोण बघणार? राहिले. ते सोपं नव्हतं गं. ते दार मीही पाहिलंय. पण एक सांगते... आजीची भरपाई करायला येऊ नकोस, आणि आजीच्या रागापायी जाऊही नकोस. तुला आवडलं तर ये." आणि त्याच दमात वेंडेलकडे बोट करून म्हणाल्या, "हा काही राहायचा नाही. युलाली गेली, आता घर विकेल आणि अटलांटाला पळेल. जागा राखून ठेवलीय म्हणे त्याची."

मी वेंडेलकडे पाहिलं. तो बुटाकडे बघत होता.

आम्ही गाडीपाशी आलो. मग राहवलं नाही. "जाणार आहेस तू?"

"तुझं उत्तर कधी द्यायचंय?"

"मंगळवारी."

"मग मंगळवारी विचार."

"हे काय उत्तर झालं?"

"हेच उत्तर आहे." तो गाडीला टेकला, पावसात. "मी आत्ता काहीही बोललो तरी ते तुझ्या तराजूत पडणार. मला तिथे बसायचं नाही, कोरिन."

"फार मोठा समज आहे तुझा स्वतःबद्दल. तुझ्यासाठी मी गाव बदलेन, असं वाटलं तुला?"

"नाही. म्हणूनच तर..."

मी दार आपटलं. रागाचं खरं कारण एवढंच होतं, की तो अगदी बरोबर बोलत होता. पुडिंग ढवळताना मी मनातल्या मनात त्या पिवळ्या स्वयंपाकघरात राहायलासुद्धा आले होते. ओळख दोन दिवसांची... आणि वर मी स्वतःला शहाणी समजते.

सोमवारी सकाळी आईचा फोन आला. मला वाटलं, आता भांडण. सगळं सांगितलं — अंत्ययात्रा, मिस वर्नेल, रोलंडचं कपाळ. वेंडेलला तेवढं वगळलं. आई हसून हसून दमली. मग म्हणाली, "काय वाढलं गं त्यांनी?"

"चिकन. लिमा बीन्स. आणि भेंडी, टोमॅटो घालून, जरा आंबटसर."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"आई?"

"माझी आई खिडकीत भेंडी लावायची," ती म्हणाली. "क्लीव्हलंडला. कुंडीत. उन्हाळा किती तो आपला, चार दिवसांचा. बोटाएवढ्या तीन-चार भेंड्या यायच्या, आणि ती त्या टोमॅटोत शिजवून आम्हाला घास घास द्यायची. बाजारात मिळायची की... पण तिला तीच हवी असायची."

"तिला परत यायचं होतं?"

"कधी म्हणाली नाही. आम्ही विचारलंही नाही. मी आपलं धरून चालले, की तिला ते गाव डोळ्यांसमोर नको." आईने नाक शिंकरलं. "तिचा राग तिचा होता गं, कोरी. तो मी का सांभाळत बसले कुणास ठाऊक. तुला आवडलंय का तिथे?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. पाऊस थांबला होता. मनातून वेंडेलला उचललं आणि बाजूला ठेवलं. अवघड गेलं, पण ठेवलं. त्याच्याशिवायचं मेकन कसं दिसतं ते पाहिलं. ओले रस्ते, रुग्णालयाच्या पायऱ्या, बिस्किटांपाशी खांद्यावर ठेवलेला हात, आईबद्दल विचारणारी ती बाई. आणि मी, पहिल्या तापात, दाराशी भांडं घेऊन कोण येईल याची वाट बघणारी.

"आवडलंय," मी म्हटलं. "भीती वाटते, पण आवडलंय."

"मग परत ये म्हणायचं सोडून मी काय म्हणतेय... जा. जा तू. मी मात्र यायची नाही."

"बरं."

"थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत येईन फार तर. बघायला फक्त."

मी डोळे पुसले, तोंड धुतलं आणि रुग्णालयाला फोन लावला. मंगळवारची वाट कशाला बघायची? हो म्हटलं. फोन ठेवला, आणि अंगावरून ओलं जाड ब्लँकेट कुणीतरी काढून घ्यावं तसं झालं. वेंडेल राहो नाहीतर जावो, माझं ठरलं होतं. छातीत एक बारीक कळ होती, ती त्याची. पण तिच्यासाठी ठरलेलं बदलणार नव्हतं. मग ती त्याला सांगून टाकायला काय हरकत होती?

शाळा सुटल्यावर मैदानावर बँडचा सराव चालू होता. ओलं गवत, भाजणारं ऊन, तुताऱ्या, ढोल. मधोमध लोखंडी मचाण आणि त्यावर वेंडेल, हातात भोंगा घेऊन ओरडताना. "ढोलवाले, तुम्ही कुठे चाललात, अलाबामाला?" मग त्याने मला पाहिलं आणि भोंगा तोंडाशी तसाच राहिला.

"तू इथे?" सगळ्या मैदानाला ऐकू गेलं.

मला भोंगा नव्हता, म्हणून मी ओरडले. "मी हो म्हटलं!"

बँड थांबला. ऐंशी पोरांनी मान वळवली. कुणीतरी ढोलावर दणदणीत थाप मारली, मुली किंचाळल्या, आणि एक तुतारीवाली म्हणाली, "पण सर, या तर तुमच्या चुलतबहीण ना?"

"नाही," वेंडेल भोंग्यातून म्हणाला. "देवाच्या कृपेने नाही. आणि तुम्हाला वाटतंय तसं काहीही नाही. पाणी प्या सगळे."

तो शिडीवरून उतरला आणि माझ्यासमोर उभा राहिला. टोपीखाली घाम, मानेवर शिट्टीची दोरी.

"नोकरीला हो म्हटलंस?"

"नोकरीला. आणि आता मध्ये बोलू नकोस, नाहीतर मी विसरेन. तू अटलांटाला जाणार असशील तर जा. मी तरीही येणार आहे. हे माझं मी ठरवलंय, तुझा त्यात काडीचाही संबंध नाही." मी श्वास घेतला. "आणि मला तू आवडतोस. फार आवडतोस. ठरायच्या आधी मुद्दामच नाही सांगितलं. आता सांगायला हरकत नाही. झालं माझं."

त्याने शिट्टी खिशात टाकली. मग टोपी काढून म्हणाला, "मी त्यांना नकार कळवलाय."

"कुणाला?"

"अटलांटाच्या शाळेला. बुधवारी. आंट युलाली गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी. तू तेव्हा क्लीव्हलंडमध्ये होतीस."

"बुधवारी? आणि मिस वर्नेलना —"

"तिला नाही सांगितलं, कुणालाच नाही. या गावात कुणालाही माहीत नसलेली ती एकच गोष्ट होती."

"आणि मला तू काल पावसात..." माझा आवाज चढला. "एक शब्द बोलला असतास तर काय झालं असतं? काल दिवसभर मी..."

"आली असतीस, आणि माझ्यासाठी आली असतीस." तो हळू बोलत होता. "माझी आई इथे माझ्या बाबांसाठी आली होती. भांडण झालं की म्हणायची, तुझ्यापायी आले मी या गावात. हे ऐकत वाढलोय मी. शेवटी गेलीच निघून. म्हणून काल ओठ शिवून उभा राहिलो. तू दार आपटून गेलीस तेव्हा वाटलं, शहाणपणा नडला. रात्रभर झोप नाही."

मला राग यायला हवा होता. पण मला इतकं हलकं वाटलं, की मी सरळ ओल्या गवतात बसले. तोही बसला, आपल्या चांगल्या पँटीचा विचार न करता.

"म्हणजे तू माझ्यासाठी राहिला नाहीस," मी म्हटलं, "आणि मी तुझ्यासाठी आले नाही."

"नाही."

"किती बरं झालं."

"फार बरं झालं," तो म्हणाला, आणि त्याचा गरम हात माझ्या हातावर आला. "कोरिन, परवापासून मला तुझ्याशिवाय दुसरं काही सुचत नाहीये. हेही आताच सांगतो, तुझं ठरून झाल्यावर."

मी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं. पोरं पाणी प्यायचं सोडून बघत होती. बघू देत म्हटलं.

कुंपणापलीकडून एक आजोबा कुत्र्याला फिरवत चालले होते. ते थांबले, कपाळावर हात धरून त्यांनी निरखून पाहिलं. "मिस वर्नेलकडची पाहुणी ना गं तू? अजून किती दिवस मुक्काम?"

वेंडेल काहीतरी बोलणार होता. मी त्याचा हात दाबला.

"पाहुणी नाही, आजोबा," मी म्हटलं. "मी आता इथलीच."